डिमर, चोक आणि आमच्या बेडरूमचं छत

तर मंडळी, या विकेंडचा विषय थोडा घरगुती आहे. घरगुती म्हणजे अक्षरशः घरातला, डोक्यावरच्या पीओपीच्या छतातला.

झालं असं की २०१९ मध्ये आम्ही पुण्यात एक रीसेल फ्लॅट घेतला. आधीच्या मालकांनी २००७ च्या सुमारास हौसेनं इंटिरिअर करून घेतलेलं. तेव्हाच्या फॅशनप्रमाणे फॉल्स सीलिंग, त्यात गोल गोल भोकं, आणि प्रत्येक भोकात एक छोटासा हॅलोजन. बेडरूममध्ये तर स्विचबोर्डावर एक गोल नॉबही होता. फिरवला की दिवे हळूहळू मंद होत जायचे. बायको घर बघायला आली तेव्हाच त्या नॉबच्या प्रेमात पडली. मी किचनच्या ओट्याखालची ओल बघत होतो, पण माझं कोण ऐकतो!

लेक झाल्यावर तो नॉब रोजच्या वापरात आला. तिला मिट्ट काळोखात झोप लागायची नाही, म्हणून एक दिवा अगदी मिणमिणता ठेवून रात्रभर चालू. मग २०२१ च्या पावसाळ्यात त्या सर्किटवरच्या दोन दिव्यांपैकी एक गेला. मी म्हटलं, बघू शनिवारी. तो शनिवार काही आला नाही (ज्यांच्या घरी छोटं मूल आणि ऑफिसात रिलीज आहे त्यांना कळेल). मग दुसराही गेला. आम्हाला वाटलं, दोन्ही गेले म्हणजे विषय संपला. नॉब मात्र सवयीनं तसाच अर्ध्यावर, चालू.

तिसऱ्या की चौथ्या रात्री बायकोनं मला हलवून उठवलं. "अरे, वास येतोय का तुला?" वास येत होता. जुना पंखा जळताना येतो तसा, वार्निशचा. आणि छतातून भुंगा अडकल्यासारखा बारीक गूं गूं आवाज. मी मेन स्विच पाडला, लेकीला उचलून हॉलमध्ये आणलं, आणि आम्ही तिघं सकाळपर्यंत हॉलमध्येच बसलो. सकाळी वायरमनकाका आले. त्यांनी दिव्याच्या भोकातून हात घालून एक काळा ठोकळा बाहेर ओढला. त्याच्यावरचा प्लास्टिकचा टेप वितळलेला, आणि ज्या प्लायच्या पट्टीवर तो टेकला होता तिथे तळहाताएवढा काळा डाग. कोळसा. काका म्हणाले, "चोक जळालाय साहेब. पण कसा जळाला? ह्याला तर दिवाच नाही!"

माझ्या डोक्यात तोच किडा शिरला. लोड नाही, दिवा नाही, मग ट्रान्सफॉर्मर जळाला कसा? (आपल्याकडे दिव्याबरोबर जे काही डबडं येतं त्याला सरसकट चोक म्हणतात. हा खरं तर ट्रान्सफॉर्मर, २३० व्होल्टचे १२ करणारा.) एमसीबीसुद्धा पडला नव्हता. ऑफिसात प्रॉडक्शन बग आला की आपण रूट कॉज शोधतो, तसं इथेही शोधायला बसलो, आणि शोधता शोधता पार १८८१ सालात जाऊन पोचलो. ती गोष्ट सांगतो.

दिवा मंद करायची गरज घरात नाही, नाटकात जन्मली. एकोणिसाव्या शतकात युरोपातली थिएटरं गॅसच्या दिव्यांवर चालायची. गॅसची एक सोय अशी की सगळ्या नळ्या एका जागी आणून तिथे तोट्या बसवल्या की एक माणूस पूर्ण रंगमंच उजळू किंवा विझवू शकायचा. मंद करणं म्हणजे नुसती तोटी पिळणं. लंडनच्या लिसियम थिएटरचा नट-मॅनेजर हेन्री आयर्विंग याला तर गॅसचा मऊ उजेड इतका आवडायचा की आजूबाजूला वीज आली तरी त्यानं गॅसचाच आग्रह धरला. पण किंमत फार मोठी होती. ८ डिसेंबर १८८१ ला व्हिएन्नाच्या रिंगथिएटरमध्ये ऑफेनबाखचा ऑपेरा सुरू व्हायच्या आधी रंगमंचावरचे गॅसचे दिवे पेटवताना आग लागली. लोक आत अडकले आणि साडेतीनशेहून जास्त माणसं मेली.

त्यानंतर बरोबर वीस दिवसांनी, २८ डिसेंबरला, लंडनच्या सव्हॉय थिएटरचा मालक रिचर्ड डॉइली कार्ट प्रेक्षकांसमोर आला. त्याचं थिएटर त्याच वर्षी ऑक्टोबरात उघडलं होतं, जोसेफ स्वानच्या विजेच्या दिव्यांसह. पण जनित्र पुरेसं पडत नसल्यानं आधी फक्त प्रेक्षागृह विजेवर होतं. त्या दिवशी पहिल्यांदा रंगमंचही विजेवर आला. कार्टनं एक पेटता बल्ब मलमलीत गुंडाळला आणि सगळ्यांदेखत फोडला. कापडाला काहीही झालं नाही. व्हिएन्ना ताजं होतं, त्यामुळे लोकांना यापेक्षा जास्त काही सांगायची गरज नव्हती.

(थोडं विषयांतर: आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल पुण्यात आलं ते १८८० साली. म्हणजे सव्हॉयच्या एक वर्ष आधी. तिकडे विजेवर नाटक आणि इकडे तेलाच्या दिव्यांवर शकुंतला. असो.)

पण वीज आली आणि गॅसची ती तोटी गेली. बल्ब एकतर चालू नाहीतर बंद. मंद कसा करायचा? पहिलं उत्तर सरळ होतं: मध्ये एक अडथळा घाला, म्हणजे रेझिस्टन्स. सव्हॉयमध्येही तेच होतं, पायरीपायरीनं दिवे उतरवायचे. अडथळा वाढवा, करंट कमी, दिवा मंद. यात मेख अशी की न वापरलेली वीज कुठे जात नाही, ती त्या अडथळ्यात उष्णता होऊन बाहेर पडते. दिव्याला अर्धं व्होल्टेज द्यायचं तर उरलेलं अर्धं अडथळ्यावर पडतं, आणि दोघांतून करंट एकच, त्यामुळे जेवढी वीज दिवा खातो तेवढीच तो अडथळाही खातो. एका दिव्याचं ठीक, पण शेकडो दिव्यांचे डिमर एका खोलीत म्हणजे ती खोली नाही, भट्टी. १८९६ मध्ये ग्रॅनव्हिल वूड्स या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकानं थिएटरच्या डिमरमधली ही नासाडी आणि आगीचा धोका कमी करण्यासाठी पेटंट घेतलं.

आपल्याकडच्या वाचकांनी हा प्राणी पाहिलेला आहे. जुन्या पंख्याचा तो काळा, वजनदार रेग्युलेटर आठवा. एकवर ठेवला की पंखा आळसटल्यासारखा फिरायचा आणि रेग्युलेटर तापायचा. आजी ओरडायची, "पंखा कमी करा, बिल येतं!" पण पंखा जेवढी वीज कमी खायचा त्यातली बरीचशी रेग्युलेटर खायचा.

दुसरा प्रकार ऐकून मला खोटाच वाटला होता. मिठाच्या पाण्याचा डिमर. एक मातीचं किंवा चिनीमातीचं उभं भांडं, त्यात मीठ घातलेलं पाणी, तळाशी एक धातूचा तुकडा आणि वरून दोरीनं सोडलेला दुसरा. वरचा खाली सोडला की दोघांतलं अंतर कमी, दिवा प्रखर. वर ओढला की मंद. पार बाहेर काढला की अंधार. इंग्लंडमधल्या थिएटरांत सांडपाण्याच्या मातीच्या नळ्या वापरून हे बनवायचे आणि विसाव्या शतकात बरीच वर्षं ते टिकले. नाटक रंगात आलं की पाणी उकळायला लागायचं, मध्यंतरात भर घालायची!

मी हे बाबांना फोनवर सांगितलं. मला वाटलं ते चकित होतील. ते म्हणाले, "अरे, त्यात काय, आम्ही केलंय की." बाबा कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धांना प्रकाशयोजना करायचे. म्हणजे दोन स्पॉट आणि एक बादली. "प्लास्टिकची बादली, मूठभर मीठ, दोन पत्रे. पडदा पडेपर्यंत मी त्या बादलीपाशी लाकडी पाटावर उभा. एकदा तुझा काका मदतीला आला आणि पाणी गरम आहे का बघायला बोट घालणार होता, मी त्याची कॉलर धरून मागे ओढला." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की माझ्याच अंगावर काटा आला. उघडी बादली, २३० व्होल्ट, विंगेतला अंधार आणि धावपळ करणारी विशीतली पोरं. (वाचकहो, हे घरी करून बघू नका. हे वाक्य लोक उगाच लिहितात, मी मनापासून लिहितोय.)

तिसरं उत्तर जास्त शहाणं होतं. एसी वीज असेल तर तिचं व्होल्टेज अडथळ्याशिवाय कमी करता येतं, ट्रान्सफॉर्मरनं. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या तीन इंजिनिअरांनी आणि १८८६ मध्ये अमेरिकेत ग्रेट बॅरिंग्टन गावात विल्यम स्टॅन्लीनं ट्रान्सफॉर्मरवर गावात वीज वाटता येते हे दाखवलंच होतं. मग त्याच वेटोळ्यावर एक सरकता ब्रश बसवला की हवं ते व्होल्टेज काढून घेता येतं. १९३० च्या दशकात जनरल रेडिओ कंपनीनं व्हेरिअ‍ॅक नावानं ही वस्तू आणली. आपल्यापैकी ज्यांनी इंजिनिअरिंगला इलेक्ट्रिकल मशिन्सची लॅब केली आहे त्यांनी तो गोल, जड, वर काळी मूठ असलेला व्हेरिअ‍ॅक फिरवलेला असणारच. आमच्या लॅबमध्ये तो हलवायला दोन पोरं लागायची. तो तापत नाही, दिवा गुणगुणत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यातून निघणारी वीज तशीच गुळगुळीत लाट असते, फक्त उंची कमी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५० च्या दशकात असे डिमर अमेरिकेत श्रीमंतांच्या घरांतही बसवले जायचे. पण भिंतीत तेवढा मोठा खड्डा, तेवढं वजन आणि तेवढे पैसे! सामान्य घरात ते येणं शक्यच नव्हतं.

त्याच सुमारास थिएटरवाल्यांनी आणखी एक वेगळी वाट काढली होती, आणि आमचा खरा आरोपी त्या वाटेवरच आहे. येल विद्यापीठात जॉर्ज आयझेनॉर या माणसानं १९४० च्या दशकाच्या शेवटी थायरट्रॉन नावाच्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा कन्सोल बनवला. कल्पना अशी: दिव्याला कमी व्होल्टेज द्यायचंच नाही. पूर्ण द्यायचं, पण पूर्ण वेळ द्यायचं नाही.

एसी वीज आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते, म्हणजे १०० वेळा शून्यातून जाते. शून्य ते शून्य हा एक तुकडा १० मिलिसेकंदांचा. प्रत्येक तुकड्यात स्विच उशिरा चालू करायचा. पाच मिलिसेकंद उशीर केला तर ढोबळमानानं अर्धी ऊर्जा दिव्याला मिळते. फिलॅमेंट इतक्यात थंड होत नाही, त्यामुळे डोळ्याला नुसता मंद उजेड दिसतो. स्विच एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, म्हणून तो स्वतः फारसा तापत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्यूटी सायकल. शिवाय नियंत्रणाची वायर बारीक असल्यानं कन्सोल प्रेक्षागृहाच्या मागे नेता आला. म्हणजे दिवे चालवणाऱ्याला नाटक समोरून दिसायला लागलं! एरवी बिचारा बहुतेक वेळा विंगेत बसून अंदाजानं दांडे ओढायचा. बाबांना हे सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प झाले. त्यांनी स्वतः उजळवलेलं एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही.

व्हॉल्व्हचं काम पुढे सिलिकॉननं घेतलं. जनरल इलेक्ट्रिकनं १९५७ मध्ये थायरिस्टर बनवला: बोटाच्या पेराएवढा तुकडा, जो एकदा चिथावला की करंट शून्यावर येईपर्यंत चालू राहतो. काही वर्षांत त्याचा दोन्ही दिशांनी चालणारा भाऊ ट्रायॅक आला. १९५९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा नावाचा एक तरुण इंजिनिअर अण्वस्त्राच्या ट्रिगरसंबंधीच्या कामावर होता, तिथे त्याची या नव्या तुकड्याशी ओळख झाली. मॅनहॅटनच्या फ्लॅटमधल्या जादाच्या खोलीत त्यानं त्यापासून असा डिमर बनवला जो भिंतीतल्या साध्या स्विचच्या खोक्यात मावेल. १९६१ मध्ये त्यानं आणि त्याची बायको रूथनं लूट्रॉन कंपनी काढली, १९६२ मध्ये पेटंट मिळालं. जाहिरातीत त्यांनी वीज वाचते वगैरे फारसं सांगितलं नाही, मेणबत्तीसारखा रोमँटिक उजेड विकला. खप दणकून. त्यांचे सुरुवातीचे डिमर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहेत. अण्वस्त्राच्या कामातून बेडरूमच्या नॉबपर्यंत! स्पायरा २०१५ मध्ये गेला. आपल्याकडचा इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर, ज्याचा नॉब गुळगुळीत फिरतो तो, आतून याच जातीचा.

आता दुसऱ्या बाजूनं येऊ, दिव्याच्या.

१९५० च्या दशकातच जनरल इलेक्ट्रिकच्या एल्मर फ्रिड्रिक आणि एमेट वायली यांनी बल्बमध्ये किंचित आयोडीन घालून हॅलोजन दिवा बनवला. १९५९ मध्ये पेटंट. साध्या बल्बमध्ये फिलॅमेंटचं टंगस्टन उडून काचेवर बसतं आणि काच काळी पडते. आयोडीन ते टंगस्टन काचेजवळ पकडतं आणि परत तारेपाशी आणून सोडतं. त्यासाठी काच तापलेली लागते, अडीचशे अंशांच्या वर. म्हणून दिवा मुद्दामच छोटा आणि काच क्वार्ट्झची. त्यातून पुढे आरशाच्या छोट्या वाटीत बसवलेला तो दोन इंची एमआर-१६ निघाला, जो आधी स्लाइड प्रोजेक्टरमध्ये होता आणि मग दुकानांच्या शोकेसमध्ये, दागिन्यांवर, आणि शेवटी आपल्या पीओपीमध्ये आला.

तो १२ व्होल्टवर का चालतो? सोपं गणित आहे. ५० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअरही घेत नाही, म्हणजे तार लांबलचक आणि केसासारखी. तोच १२ व्होल्टवर चार अँपिअरच्या वर घेतो, म्हणजे तार आखूड, जाड, दणकट. आखूड तार म्हणजे उजेडाचा उगम जवळजवळ एक बिंदू, म्हणून किरण सुरेख एकवटतो. सोनार उगाच नाही वापरत.

पण लोक "बारा व्होल्ट" ऐकून निर्धास्त होतात. शॉक लागत नाही हे खरं. पण उष्णता व्होल्टेजला विचारून येत नाही, करंटला विचारून येते. एका ट्रान्सफॉर्मरवर असे तीन दिवे म्हणजे साडेबारा अँपिअर, गीझरपेक्षा जास्त. आणि ते छतात, हात न पोचणाऱ्या जागी, हातानं पिळलेल्या जोडांतून. त्यात बऱ्याच एमआर-१६ ची वाटी उजेड पुढे फेकते आणि उष्णता मागे सोडते, म्हणजे दागिना तापत नाही, छत तापतं.

आता सगळी पात्रं रंगमंचावर आली. भिंतीत ट्रायॅकचा डिमर. छतात १२ व्होल्टचा दिवा. आणि दोघांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर, जो डिमर बनवणाऱ्यानं मुळात गृहीतच धरला नव्हता.

ट्रायॅकची गृहीतकं दोन. एक, पलीकडे साधा बल्ब आहे. दोन, तो चालू झाल्यावर ठरावीक किमान करंट वाहणार आहे, नाहीतर ट्रायॅक हात सोडतो आणि बंद पडतो. ट्रान्सफॉर्मरचं गृहीतक एकच, पण कडक: लाटेची वरची बाजू आणि खालची बाजू अगदी सारखी हवी. व्हेरिअ‍ॅक ते गृहीतक आपोआप पाळायचा, कारण तो लाट कापतच नव्हता. ट्रायॅक लाट कापतो. दोन्ही बाजू सारख्या कापल्या तरी कापल्याच्या धक्क्यानं लोखंडाच्या पट्ट्या गुणगुणतात, तो भुंग्याचा आवाज. तेवढं चालतं. पण सारख्या नाही कापल्या तर?

दिवे जळत होते तोवर पुरेसा करंट होता आणि ट्रायॅक दोन्ही बाजूंना नीट धरत होता. एक दिवा गेला, लोड अर्धा झाला. दुसरा गेला, आणि ट्रान्सफॉर्मर घेत होता फक्त स्वतःचं लोखंड चुंबकित ठेवण्यापुरता चिमूटभर करंट, तोही व्होल्टेजच्या मागे रेंगाळणारा. आता ट्रायॅक कधी धरतो, कधी सोडतो. एका बाजूच्या तुकड्यात धरला आणि दुसऱ्या बाजूला सुटला की शिल्लक राहते ती एकाच दिशेची वीज, डीसी. ट्रान्सफॉर्मरला डीसी म्हणजे विष. लोखंड एका बाजूला चुंबकित होत होत भरून जातं, आणि एकदा भरलं की प्राथमिक वेटोळं हे वेटोळं राहत नाही, नुसती तांब्याची तार राहते. करंट अडवायला उरतो फक्त त्या तारेचा स्वतःचा अडथळा. हा करंट एमसीबी पडण्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीनं सगळं आलबेल. पण मुठीएवढ्या ठोकळ्याला रात्रभर भाजायला तो भरपूर होतो.

म्हणजे वायरमनकाकांच्या प्रश्नाचं उत्तर हे: दिवा नव्हता "तरी" नाही, दिवा नव्हता "म्हणूनच" जळाला.

हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. अशा ट्रान्सफॉर्मरसाठी वेगळे डिमर मिळतात, जे दोन्ही बाजू सारख्या ठेवतात, आणि त्यांच्या कागदावर साफ लिहिलेलं असतं की दिवे गेलेले असताना चालू ठेवू नका. चांगल्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तापल्यावर तोडणारा थर्मल कटआउटही असतो. आमच्याकडे भिंतीत साधा बल्बचा डिमर होता आणि छतातल्या ठोकळ्यात कटआउट नव्हता. ज्या इंटिरिअरवाल्यानं हे केलं त्यानं दोन्ही वस्तू वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या असणार, आणि दोन्ही आपापल्या जागी चांगल्याच असतील. एपीआयचं कॉन्ट्रॅक्ट न वाचता दोन लायब्रऱ्या जोडल्या की काय होतं ते आपण रोज बघतो. पण तिथे सर्व्हर पडतो, पाळण्यावरचं छत नाही.

हॉलची कहाणी वेगळी, थोडक्यात सांगतो. तिथले चोक हलके, शंभरेक ग्रॅमचे, इलेक्ट्रॉनिक. हे ऐंशीच्या दशकापासून आले. आत ५० हर्ट्झची वीज हजारो हर्ट्झची करतात, मग ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा पुरतो. यांना लाट पुढून कापलेली आवडत नाही, कारण दाराशी कपॅसिटर बसलेला असतो आणि एकदम व्होल्टेज आदळलं की तो करंटचा घोट घेतो. त्यांच्यासाठी लाट मागून कापणारे डिमर आले: शून्यावर चालू, मध्येच बंद. ते ट्रायॅकला जमत नाही, कारण तो मध्येच बंद होत नाही. त्याला मॉसफेट लागतो. थोडक्यात, लोखंडी ट्रान्सफॉर्मरला पुढून कापलेली चालते, इलेक्ट्रॉनिकला मागून कापलेली. आणि वरून बघता दोन्ही नॉब सारखेच दिसतात.

बेडरूमच्या प्रकरणानंतर घाबरून मी हॉलचे सगळे हॅलोजन काढून एलईडी लावले. २०१५ च्या उजाला योजनेनंतर एलईडी आपल्याकडे स्वस्तही झाले होते, आणि युरोपनं तर २०१८ मध्ये घरगुती हॅलोजनचे बहुतेक प्रकार बंदच केले. म्हटलं, पन्नासच्या जागी पाच वॅट, प्रश्न मिटला. संध्याकाळी बटण दाबलं आणि हॉलमध्ये डिस्को. एक दिवा फडफडतोय, एक उशिरा लागतोय, एक लागतच नाही. चोकवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: २० ते ६० वॅट. किमान वीस! पाच वॅटवर आतलं चक्र धड सुरूच राहत नव्हतं. पुन्हा तोच आजार, कमी लोडचा, फक्त या वेळी जळण्याऐवजी लुकलुकणारा. लेक मात्र खूश होती, तिला वाटलं दिवाळी.

शेवटी वायरमनकाकांना पूर्ण दिवस बोलावलं. छतातून एकूण अकरा चोक निघाले. त्यातल्या आणखी एकाचा टेप तपकिरी झालेला होता, पाहुण्यांच्या खोलीतला, जिथे वर्षभरापासून एक दिवा बंद होता. बारा व्होल्टची सगळी वायरिंग काढून सरळ २३० व्होल्टचे एलईडी बसवले, बेडरूममध्ये त्या एलईडीच्या खोक्यावर लिहिलेल्या प्रकारचा, मागून कापणारा डिमर. काकांनी आधी हसून म्हटलं होतं, "बारा व्होल्टला काय होतंय साहेब." अकरावा चोक काढल्यावर ते म्हणाले, "मागच्या आठवड्यात सोसायटीतच एकांकडे असले सोळा बसवलेत. जाऊन बघून येतो." आणि त्याच संध्याकाळी खरंच गेले.

तुमच्या छतात असे १२ व्होल्टचे दिवे असतील आणि एखादा बरेच दिवस बंद असेल, तर आज रविवार आहे, स्टूल घ्या. आधी मेन बंद करा, मग चोक बाहेर काढून त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि भिंतीतल्या डिमरशी ताडून बघा. कळलं नाही तर वायरमनला दोन्ही दाखवा, नुसता दिवा नाही.

एक गोष्ट मात्र गेली. जुना दिवा मंद केला की लालसर व्हायचा, निखाऱ्यासारखा. एलईडी मंद केला की पांढरा तो पांढराच, नुसता कमी. लालसर होणारे एलईडी मिळतात म्हणे, बघितले नाहीत अजून. मागच्या महिन्यात बाबा आले होते. नातीला झोपवताना त्यांनी नॉब हातात घेतला आणि इतका हळू फिरवला की उजेड कधी कमी झाला ते मला दारात उभं राहून कळलं नाही. पूर्ण अंधार झाल्यावर म्हणाले, "शेवटच्या दहा टक्क्यांत धक्का मारतोय रे तुझा डिमर. आमची बादली बरी होती."

आता शेवटच्या दहा टक्क्यांचं बघायला हवं. पुढच्या शनिवारी.